ओळखीचा भाव

सकाळी साडेआठ

डेट्रॉइटच्या आसपास सोमवार आणि गुरुवार हे गाडीच्या शोरूमचे लांब दिवस. इतर दिवशी सहाला दिवे मालवतात, या दोन दिवशी रात्री नऊला. शनिवारी कित्येक ठिकाणी अर्धा दिवस किंवा सुट्टी, आणि रविवारी तर कायद्यानंच कुलूप. मिशिगनमध्ये १९५३ सालचा कायदा आहे : १,३०,००० पेक्षा जास्त वस्तीच्या काउंटीत रविवारी मोटार विकायची नाही. इकडे नवीन आलेली मराठी मंडळी हमखास रविवारी सहकुटुंब येतात, काचेतून आत डोकावतात आणि सोमवारी मला फोन करून विचारतात, "ताई, तुमचं शोरूम बंद पडलं का?"

आज गुरुवार, त्यात महिनाअखेर. त्यामुळे डबा दोन वेळचा आणलाय.

मी फोर्डच्या एका डीलरकडे गाड्या विकते. मूळची सांगलीची. इथे आल्यावर आधी हिशेबनीस म्हणून लागले होते, म्हणून असेल, आकड्यांच्या मागे काय आहे ते उकरायची सवय लागली. या गावात ती सवय उपयोगी पडते, कारण इथे एका गाडीला एकच किंमत कधीच नसते. काचेवरची वेगळी, डीलरच्या बिलातली वेगळी, आणि फोर्डमध्ये तुमचं कोण आहे त्यावर ठरणारी तिसरीच.

सव्वानऊ

रात्रीतून कॅरियरवरून एफ-१५० ट्रक उतरलेत. त्यांच्या काचेवरचे स्टिकर नीट लागलेत का, ते पाहायचं काम माझ्याकडे. हे स्टिकर म्हणजे कंपनीची मेहरबानी नव्हे. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांनी १९५८ साली कायदा करून घेतला, तेव्हापासून प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर मूळ किंमत, जोडलेल्या प्रत्येक सोयीची किंमत आणि वाहतूक खर्च छापावा लागतो. लोक या कागदाला अजून 'मनरोनी' म्हणतात. त्याआधी डीलर मनाला येईल तो आकडा सांगायचा आणि मग त्यातूनच 'सूट' द्यायचा.

वाहतूक खर्चाची ओळ वाचून नवखा माणूस हटकून अडतो. हा ट्रक डिअरबर्नच्या रूज कारखान्यात बनला. तिथून आमच्या दारापर्यंत कॅरियरचा एक फेरा. तरीही वाहतूक खर्च तेवढाच, जेवढा फ्लोरिडातल्या गिऱ्हाइकाला. तो सगळीकडे सारखा वाटलेला असतो आणि कुठल्याही सवलत-योजनेत, कितीही ओळखीत माफ होत नाही. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, हे मी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकते. पुढचा अर्धा तास वाचतो.

डीलर हा फोर्डचा नोकर नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. तो स्वतंत्र व्यापारी. मिशिगनच्या कायद्यानुसार कंपनीला गिऱ्हाइकाला थेट गाडी विकता येत नाही, मध्ये डीलर लागतोच. तो कंपनीकडून गाडी विकत घेतो, तिचं बिल म्हणजे इनव्हॉइस. पण इनव्हॉइस म्हणजे डीलरची खरी खरेदी असं धरलंत तर फसाल. गाडी विकल्यावर कंपनी त्यातले साधारण एक ते तीन टक्के डीलरला परत करते. त्याला 'होल्डबॅक' म्हणतात. शिवाय ठरावीक गाड्या विकल्या की बोनस वेगळा. म्हणून "इनव्हॉइसच्या भावात दिली" असं म्हणणारा डीलर खोटं बोलत नसतो, पण उपाशीही मरत नसतो.

एक खर्च मात्र उलट्या दिशेने धावतो. अंगणातली प्रत्येक गाडी कर्जावर उभी असते आणि त्या कर्जाचं व्याज रोज चढतं. ट्रक सहा महिने विकला गेला नाही की मालकाचा चेहरा बदलतो. दुपारच्या गिऱ्हाइकाला हे सांगावं लागणार आहे, म्हणून आत्ताच मागच्या रांगेतल्या दोन जुन्या ट्रकांची इनव्हॉइस काढून ठेवते.

अकरा

रूज कारखान्यात टूल अँड डायचं काम करून निवृत्त झालेले एक आजोबा आले. दर तीन वर्षांनी येतात, लीज संपली की. हातात पिन, म्हणजे कंपनीच्या सवलत-योजनेचा आपल्या नावाने काढलेला क्रमांक, लिहिलेला कागद. कॉफी घेत नाहीत, गाडी चालवून बघत नाहीत.

फोर्डच्या या सवलत-योजना अक्षरांनी ओळखल्या जातात. ए प्लॅन कर्मचाऱ्यांचा आणि त्यांच्या जवळच्या नात्यातल्यांचा, झेड निवृत्तांचा, डी डीलरकडच्या माणसांचा, आणि एक्स हा पुरवठादार कंपन्यांच्या माणसांचा, तसंच कर्मचाऱ्यांच्या मित्र-शेजाऱ्यांचा. जनरल मोटर्सकडे आणि स्टेलॅण्टिसकडेही अशाच उतरंडी आहेत. स्टेलॅण्टिसच्या योजनेच्या तर नावातच 'अफिलिएट' आहे. प्रत्येक पायरीचा भाव कंपनी गाडीगणिक ठरवते आणि डीलरला कळवते. मी तो ठरवत नाही, मालकही ठरवत नाही. गिऱ्हाइकानं सही करायच्या कागदावर तोच आकडा यावा लागतो, एका डॉलरनंही वर नाही.

आजोबांना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांनी फक्त दोन गोष्टी विचारल्या : तीन वर्षांनी गाडीची किंमत किती धरलीय, आणि व्याजाचा दर काय. लीजमध्ये खरं तेवढंच महत्त्वाचं. प्लॅनचा भाव हा सुरुवातीचा आकडा, महिन्याचा हप्ता ठरतो तो पुढच्या दोन आकड्यांवर. पाऊण तासात काम झालं. मला यात कमिशन ठरीव मिळतं, छोटंसंच. त्याला इथे 'मिनी' म्हणतात. प्लॅनच्या गिऱ्हाइकावर विक्रेता श्रीमंत होत नाही, पण महिन्याचा आकडा भरतो आणि डोकं शांत राहतं.

जाताना त्यांनी नेहमीची कुरकुर केली. २०२५ च्या एप्रिलमध्ये आयातशुल्काच्या गोंधळात फोर्डने बऱ्याचशा मॉडेलांवर कर्मचाऱ्यांचाच भाव सगळ्यांना खुला केला होता, जुलैच्या सुरुवातीपर्यंत. २००५ च्या उन्हाळ्यात आधी जनरल मोटर्सने आणि मग फोर्ड आणि क्रायस्लरने हेच केलं होतं. "सबंध आयुष्य त्या कारखान्यात काढलं," आजोबा म्हणाले, "आणि समोरचा दंतवैद्य माझ्याच भावात ट्रक घेऊन आला." त्यांचं पैशाचं काहीच नुकसान झालं नव्हतं. पण मला त्यांचं म्हणणं पटतं. या गावात ए प्लॅन म्हणजे नुसती सवलत नाही. कोण कुणाचा, कोणाच्या घरात कारखान्याचा पगार आला, याची ती छापील नोंद आहे. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला काकाकडे पिन मागायचा आणि काकाने जरा भाव खाऊन द्यायचा, ही इथली रीत.

एक

डबा उघडला आणि फोन वाजला. पलीकडे तरुण मुलगा, चारेक महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेला. डिअरबर्नच्या ऑफिसात बसतो, गळ्यात फोर्डचं ओळखपत्र आहे, मग ए प्लॅन का मिळत नाही?

हा प्रश्न आमच्या मंडळींत फार. नोव्हाय, ट्रॉय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स, जिकडे जाल तिकडे मराठी इंजिनीअर. त्यातले पुष्कळ जण बसतात मोटार कंपनीत, पण पगार घेतात दुसऱ्याकडून : सल्लागार कंपनीकडून, कंत्राटदाराकडून, कधी कंत्राटदाराच्याही कंत्राटदाराकडून. योजना बघते ती पगाराची पावती. खुर्ची कुठे आहे ते तिला दिसत नाही. तुमची कंपनी भागीदार म्हणून नोंदलेली असेल तर तिच्या संकेतावर एक्स प्लॅनचा पिन मिळतो. नसेल तर नाही. विचारायचं ते आपल्या एचआरला, मला नव्हे.

"मग ऑफिसमधल्या कुणाचा पिन घेऊन चालेल?" त्याने आवाज खाली आणून विचारलं.

चालेल आणि चालणार नाही, दोन्ही. फोर्डचा कर्मचारी मित्रासाठी किंवा शेजाऱ्यासाठी पिन काढू शकतो. वर्षाला मोजकेच मिळतात, आणि तो ज्याच्या नावाने निघतो त्याच्याच नावावर गाडी व्हावी लागते. पण ग्रुपवर "कुणाकडे पिन शिल्लक आहे का" म्हणून टाकायचं, पैसे देऊन घ्यायचा किंवा भावाच्या नावाचा पिन आपण वापरायचा, हे नियमाबाहेरचं. पुढे तपासणी होते. कागद जुळले नाहीत तर कंपनी सवलतीची रक्कम डीलरकडून वसूल करते आणि पिन देणाऱ्याच्या नोकरीवरही येऊ शकतं. परक्या माणसाच्या पोटावर पाय ठेवून दोन हजार डॉलर वाचवू नका, असं मी त्याला जरा कडक शब्दांत सांगितलं. तो "हो ताई, विचार करतो" म्हणाला. भाजी एव्हाना गार झाली होती.

साडेतीन

नोव्हायहून नवराबायको आले. तो एका पुरवठादार कंपनीत, एक्स प्लॅनचा पिन हातात, कंपनीचं पत्र, पगाराची पावती, सगळं फाइलमध्ये. ती एका इस्पितळात हिशेब सांभाळते. दोघांना एफ-१५० ऑर्डर करून हवाय, अंगणातला नको, कारण त्याला मागे अवजड ट्रेलर ओढायची सोय पाहिजे आणि तिला लाल रंग.

मी कागद पुढे ओढला. आकडे समजण्यापुरते घेतले. स्टिकर ५२,०००. इनव्हॉइस ४९,५००. एक्स प्लॅन ४९,३००. ए प्लॅन असता तर ४७,४००.

त्याने सवयीने विचारलं, "बरं, पण शेवटचा भाव सांगा."

"हाच शेवटचा."

"म्हणजे घासाघीस करायचीच नाही?"

त्याच्या चेहऱ्यावर अशी निराशा की मलाच वाईट वाटलं. लक्ष्मी रोडवर साडी घेताना दुकानदार पहिल्याच शब्दाला "बरं, न्या" म्हणाला तर जशी चुटपुट लागते, तशी ती असते. अजून थोडं खाली आलं असतं का, हा किडा डोक्यातून जात नाही.

बायकोने मात्र नेमकं विचारलं. "ताई, हा भाव सगळ्यात स्वस्त आहे, की फक्त ठरलेला आहे?"

हा प्रश्न विचारणारी माणसं थोडी. मी मागच्या रांगेतल्या जुन्या ट्रकचं इनव्हॉइस काढून ठेवलं होतं ते पुढे केलं. तो ट्रक साडेसहा महिने उभा आहे, रोजचं व्याज खातोय, काळा आहे, ट्रेलरची सोय नाही. त्यावर मालक ४८,००० लाही 'हो' म्हणेल, प्लॅनशिवाय, कुणालाही. म्हणजे एक्स प्लॅनपेक्षा तेराशे खाली. अंगणात अडकलेली गाडी असेल, महिनाअखेर असेल, डीलरचा बोनस एका गाडीवर अडला असेल, तर जिभेला धार असलेल्या माणसाला प्लॅनच्या खाली जाता येतं. तेव्हा पिन खिशात ठेवावा, आधी भाव विचारावा, मग काढावा.

ऑर्डर केलेल्या गाडीचं गणित वेगळं. ती अंगणात उभी राहणार नाही, तिच्यावर व्याज चढणार नाही, मालकाला ती खपवायची घाई नाही. उलट मॉडेल नवं आणि मागणी जोरात असली तर काही डीलर स्टिकरच्याही वर हजारो डॉलर लावतात. तिथे प्लॅनची खरी किंमत कळते : पिन असलेल्या माणसाला तो वरचा आकडा लावता येत नाही. अर्थात मेख आहेच. एक्स प्लॅन घ्यायची सक्ती डीलरवर नसते, काही जण गाजलेल्या मॉडेलवर सरळ नाही म्हणतात, आणि मोजक्या खास आवृत्त्यांना कंपनीच योजनेबाहेर ठेवते. म्हणून रंग ठरवण्याआधी विचारायचं : या मॉडेलवर हा प्लॅन तुम्ही घेता का, आणि ते लिहून द्याल का?

"आणि रिबेट?" नवऱ्याने विचारलं. त्याचा उत्साह परत आला होता.

कंपनीने सगळ्यांसाठी जाहीर केलेली रोख सूट बहुतेक वेळा प्लॅनच्या भावातून आणखी वजा होते. दोन्ही मिळतात. पण साधारणपणे गाडी ताब्यात घेता त्या दिवशी जी चालू असेल ती लागू, ऑर्डर दिली त्या दिवशीची नव्हे. मध्ये महिने जातात. आज दीड हजारांची असलेली सूट तोवर शून्य होईल किंवा अडीच हजार. काही वेळा ऑर्डर देणाऱ्यांसाठी वेगळं आश्वासन असतं, ते त्या त्या वेळी कागदावर बघायचं. मी कुणालाही "तेव्हा नक्की मिळेल" असं तोंडी सांगत नाही.

त्यानंतर त्यांची जुनी गाडी. इथे मी दोघांना अक्षरशः थांबवलं, कारण शहाणी माणसं इथेच बुडतात. नव्या गाडीचा भाव प्लॅनने बांधलेला असला तरी जुन्या गाडीचा भाव कुणीही बांधलेला नाही. डाव्या हाताने दोन हजार सोडायचे आणि उजव्या हाताने जुनी गाडी अडीच हजार कमी धरून घ्यायची, हे या धंद्यात चालतं. म्हणून जुन्या गाडीची बोली आधी बाहेर दोन ठिकाणी काढून आणा. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा : आमच्याकडे दिलीत तर तिच्या किमतीवर, कायद्याने घातलेल्या आणि दरवर्षी वाढत जाणाऱ्या मर्यादेपर्यंत, सहा टक्के विक्रीकर वाचतो. बाहेरची बोली आमची किंमत अधिक हा वाचलेला कर याहून वरचढ असली तरच बाहेर विका.

बायकोने हे सगळं एका वहीत उतरवून घेतलं. नवरा मधूनमधून "बघ, मी म्हणत होतो" म्हणत होता. तो नेमकं काय म्हणत होता ते शेवटपर्यंत समजलं नाही.

पावणेसहा

ऑर्डर संगणकात भरायला बसलो. इथे घाई नको. एक संकेत चुकला की ट्रेलरच्या सोयीऐवजी भलतंच काहीतरी कारखान्यातून बनून येतं, आणि मग तो लाल ट्रक आमच्या अंगणात व्याज खात बसतो. गिऱ्हाइकाच्या नावाची ऑर्डर अंगणासाठी मागवलेल्या गाड्यांपेक्षा पुढे लागते. आधी कंपनी ती स्वीकारते, मग कारखान्यात दिवस ठरतो, मग गाडीचा क्रमांक मिळतो. एखादा सुटा भाग तुटवड्यात असेल तर सगळं तिथेच अडकतं, म्हणून त्याला विचारलं, अमुक चाकं नसली तर चालतील का? चालतील म्हणाला. दोन आठवडे वाचले असतील, किंवा दोन महिने.

छापील ऑर्डरवर प्लॅनचं नाव, पिन, आणि "स्टिकरवर कोणतीही अधिक रक्कम नाही" हे लिहून मॅनेजरची सही घेतली. अनामत रक्कम परत मिळणारी आहे की नाही, तेही त्यावर. हा एक कागद सांभाळा, असं मी बायकोला सांगितलं. नवऱ्याला नाही.

सात

सकाळच्या आजोबांच्या आधी ठरलेली एक गाडी आज सुपूर्द होते आहे. गिऱ्हाईक वित्त विभागाच्या खोलीत गेलं आहे. तिथे माझं काम नाही, पण ठाऊक सगळं आहे. प्लॅनमुळे गाडीवर न मिळालेला नफा तिथे गोळा होतो : वाढीव वॉरंटी, रंगाचं संरक्षण, काचेवर क्रमांक कोरणं, कर्जाच्या दरात चढवलेला एखादा टक्का. कागदपत्रांच्या शुल्काला योजनेत मर्यादा आहे, या बाकीच्यांना नाही. क्रेडिट युनियनचा मंजूर दर खिशात असला की त्या खोलीतलं संभाषण निम्म्याने आखूड होतं. यात गुप्त असं काही नाही, विचारलं तर मी मालकासमोरही सांगते. त्यांना आवडत नाही.

साडेआठ

मिशिगनमध्ये नंबरप्लेट गाडीची नसते, माणसाची असते. जुन्या गाडीची प्लेट काढून नवीला बसवायची. बाहेर वारा सुटलाय आणि स्क्रू गंजलाय. मेकॅनिक घरी गेलेत, तेव्हा पान्ह्याशी झटापट माझीच. गिऱ्हाइकाने विम्याचा कागद दाखवला, प्लेट बसली, किल्ल्या दिल्या.

आत आल्यावर मॅनेजरने नोव्हायच्या फाइलमधून मान वर केली. पगाराच्या पावतीची प्रत पुसट आली आहे, तपासणीत चालणार नाही. उद्या त्या बायकोकडे पुन्हा मागायची. नवऱ्याकडे नको, असं मी टिपणात लिहिलं.

नऊला पाच कमी

दुपारचा मुलगा पुन्हा फोनवर. आवाजात विजय.

"ताई, सापडलं! माझ्या अपार्टमेंटमध्ये, खालच्याच मजल्यावर, एक काका राहतात. फोर्डमधून निवृत्त. शेजारी चालतो म्हणालात ना?"

"चालतो. त्यांनी आपणहून, तुमच्या नावाने पिन काढून दिला तर. ओळख आहे का त्यांच्याशी?"

जरा वेळ शांतता.

"उद्या करून घेतो," तो म्हणाला. "तुम्ही शनिवारी उघडे आहात का?"